बोले ठराव 1923 ते महाड 1927: द्विदल राज्यपद्धतीत अंमलबजावणी नेमकी कुठे अडत होती?

दप्तरवाचक

मुंबई इलाख्यातील 1921 ते 1937 या काळातील द्विदल राज्यपद्धतीचा (प्रांताची काही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे आणि काही कौन्सिलला जबाबदार मंत्र्यांकडे, अशी वाटणी) अभ्यास करताना एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात ऑगस्ट 1923 मध्ये मांडलेला ठराव बहुतेकांना ठाऊक असेल. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, तसेच सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. कौन्सिलने तो संमत केला. 11 सप्टेंबर 1923 रोजी सरकारने त्यावर आदेश काढला आणि जानेवारी 1924 मध्ये महाडच्या म्युनिसिपालिटीने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठरावही केला. कौन्सिल, सरकार आणि म्युनिसिपालिटी या तिन्ही पायऱ्या अशा रीतीने ओलांडल्या गेल्या होत्या. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले, तोवर तेथील पाणी अस्पृश्यांना घेता आले नव्हते आणि त्या दिवशी ते घेतल्यानंतर परिषदेला आलेल्यांना गावात मारहाण झाली.

याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. समाज सनातनी होता हे एक आणि ही पद्धती आणणाऱ्या 1919 च्या माँटफर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणा हाच मुळात देखावा होता हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, परंतु राज्ययंत्र कसे चालत होते हे त्यांतून कळत नाही. स्थानिक स्वराज्य हे खाते कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे सोपवलेले होते. मग कौन्सिलने संमत केलेली गोष्ट त्या मंत्र्याला एका लहान म्युनिसिपालिटीकडून करून का घेता आली नाही? अधिकारच नव्हता, की अधिकार असून तो वापरला गेला नाही?

जुनी सनद

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर 11 सप्टेंबर 1923 च्या आदेशातच सापडते. तो आदेश सलग वाचला की त्याचे दोन भाग पडलेले दिसतात. सरकारच्या मालकीच्या आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या जागा व संस्था यांच्यापुरती ठरावाची अंमलबजावणी करावी, असे खातेप्रमुखांना सांगितले होते. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र भाषा बदलते. आपल्या हद्दीतील स्थानिक संस्थांनी ही शिफारस स्वीकारणे कितपत इष्ट आहे याचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, एवढेच तेथे म्हटले आहे. पहिल्या भागात हुकूम आहे आणि दुसऱ्या भागात सल्ला आहे, तोही कलेक्टरमार्फत. गावातील तळी, विहिरी आणि बऱ्याच शाळा दुसऱ्याच भागात मोडत होत्या, आणि चवदार तळेही त्यांपैकीच होते.

कौन्सिलच्या ठरावाचे कायदेशीर स्वरूपही लक्षात घ्यावे लागेल. त्या काळी ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस असे, ती सरकारवर बंधनकारक नसे. मिंटो-मोर्ले सुधारणांपासून चालत आलेली ही रीत 1919 च्या कायद्यानेही कायम ठेवली. म्युनिसिपालिटीला बांधून घ्यायचे तर म्युनिसिपालिट्यांचा कायदा बदलायला हवा होता, आणि तसे कोणतेही विधेयक या ठरावामागून आले नाही.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने सुधारणांची जी सूत्रे घालून दिली, त्यांतले पहिलेच सूत्र असे होते की, स्थानिक संस्थांवर शक्य तितके पूर्ण लोकनियंत्रण असावे आणि बाहेरच्या नियंत्रणापासून त्यांना जास्तीत जास्त मोकळीक मिळावी. मुंबई सरकारने हे सूत्र मनापासून अमलात आणले. ज्या 1923 साली बोले यांचा ठराव आला, त्याच वर्षी लोकल बोर्डांचा नवा कायदा झाला आणि बोर्डांतील लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढले. त्याच वर्षी रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत होऊन प्राथमिक शाळांचा कारभार म्युनिसिपालिट्या आणि जिल्हा लोकल बोर्डे यांच्याकडे गेला. एकाच कौन्सिलने एकाच वर्षी स्थानिक संस्थांना अधिक मोकळे केले आणि त्याच संस्थांकडून त्यांना नको असलेली गोष्ट होईल अशी अपेक्षाही ठेवली.

म्हणून द्विदल पद्धती हा केवळ देखावा होता, असे मी म्हणणार नाही. सत्ता खरोखरच खाली सरकत होती, आणि खालच्या प्रत्येक पायरीवर जो आधीपासून बसलेला होता, त्याच्याच हातात ती पडत होती. म्युनिसिपालिटीत मत कोणाला होते? घरपट्टी किंवा तत्सम कर भरणाऱ्यांना. कौन्सिलसाठी ग्रामीण भागात मत कोणाला होते? बहुतेक जिल्ह्यांत 32 रुपये शेतसाऱ्याची जमीन असणाऱ्याला. वतनाच्या तुकड्यावर आणि बलुत्यावर जगणारा महार या दोन्ही याद्यांत क्वचितच येई. कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी 7 जागा राखून ठेवल्या होत्या. अस्पृश्यांसाठी निवडणुकीतून एकही नव्हती. आरंभी सरकारनियुक्त असे एकटे ज्ञानदेव घोलप होते आणि 1927 पासून डॉ. आंबेडकर व डॉ. सोळंकी असे दोघे झाले. मंत्र्याचे आसन कौन्सिलातील मतांवर टिकून असे आणि ती मते कोणाची होती हे या आकड्यांवरून कळते. महाडच्या म्युनिसिपालिटीला दटावण्यात मंत्र्याचा काही राजकीय लाभ नव्हता, तोटा मात्र निश्चित होता.

बोले यांना हे पुरते उमगले होते, असे त्यांच्या पुढच्या पावलावरून दिसते. 1926 मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. 1923 च्या ठरावाप्रमाणे वागणार नाहीत त्या म्युनिसिपालिट्यांना आणि बोर्डांना सरकारी अनुदान देऊ नये, अशी त्याची मागणी होती. सल्ल्यामागे पैशाचा दाब उभा केल्याशिवाय स्थानिक संस्था हलणार नाहीत, हे त्यांनी तीन वर्षांच्या अनुभवावरून ओळखले होते. बोले यांच्या या दुसऱ्या ठरावाकडे आपल्या इतिहासलेखनात फार कमी लक्ष दिले गेले आहे, याची मला खंत वाटते.

खजिनदार

वरील विवेचन मला बहुतांशी मान्य आहे, तथापि अनुदानाचा मुद्दा निघाला आहे तर तिजोरीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण द्विदल पद्धतीचा खरा गाभा तेथेच आहे.

1919 च्या कायद्याने खात्यांची वाटणी राखीव आणि सोपीव अशी केली. जमीन महसूल, पोलीस, न्याय, पाटबंधारे आणि अर्थखाते राखीव राहिले. शिक्षण, आरोग्य, शेती, सहकार, स्थानिक स्वराज्य आणि अबकारी मंत्र्यांकडे आली. मुंबईत जंगल खातेही सोपीव होते, जे बहुतेक प्रांतांत नव्हते. तिजोरी मात्र दोन्ही बाजूंची एकच होती आणि तिची किल्ली अर्थखात्याकडे, म्हणजे राखीव बाजूच्या कार्यकारी मंडळाच्या सभासदाकडे होती. दोन्ही बाजूंचे जमले नाही तर वाटणी गव्हर्नरने करायची. राखीव खात्यांची मागणी कौन्सिलने नाकारली, तर आपल्या जबाबदारीसाठी ती रक्कम आवश्यक आहे असा दाखला देऊन गव्हर्नर ती पुन्हा मंजूर करून घेऊ शकत असे. सोपीव खात्यांच्या मागणीला असे संरक्षण नव्हते. काटकसरीची वेळ आली की पहिला घाव शाळांवर बसणार, हे या रचनेतच ठरलेले होते.

त्यातून मुंबई प्रांताचे दुखणे आणखी वेगळे होते. मेस्टन समितीच्या वाटणीनुसार प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला आणि शेतसारा प्रांतांकडे राहिला. ज्या प्रांताची भरभराट गिरण्या आणि व्यापार यांच्यावर होती, त्याच्या वाढत्या उत्पन्नातला फारच लहान वाटा प्रांताला मिळणार होता. शिवाय प्रांतांनी मिळून वर्षाला 983 लाख रुपये मध्यवर्ती सरकारला द्यायचे होते. त्यात मुंबईचे 56 लाख आणि मद्रासचे 348 लाख होते. मुंबईचा आकडा लहान दिसतो, परंतु प्राप्तिकर हातचा गेल्यानंतरचा तो आकडा आहे, हे विसरता कामा नये. ही वर्गणी रद्द व्हायला 1928 उजाडले.

या रचनेने शिक्षणमंत्र्यासमोर जो पेच उभा केला, तो मला फार क्लेशदायक वाटतो. शेतसाऱ्याखालोखाल प्रांताचे मोठे उत्पन्न अबकारीचे, म्हणजे दारूचे होते, आणि ते खाते सोपीव होते. दारूबंदी हवी अशी मागणी कौन्सिलात सतत होई. सक्तीचे शिक्षण हवे अशीही मागणी होई. दोन्ही मागण्या करणारे लोक पुष्कळदा तेच असत. नवे कर बसवण्याची मंत्र्यांची ताकद मर्यादित होती आणि राखीव खात्यांचा खर्च हात लावण्यापलीकडचा होता, त्यामुळे दारूचे उत्पन्न सोडले की शाळा बंद पडणार हे सर्वांना दिसत होते. प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीच्या योजना पैशाअभावी वर्षानुवर्षे रखडल्या, त्यामागे हे कारण आहे.

राखीव बाजूचा खर्च कसा चाले याचे उदाहरण म्हणून गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीतील मुंबई शहराच्या बॅक बे भरणीचे काम पाहावे. समुद्र हटवून जमीन मिळवण्याची ही योजना कर्ज काढून हाती घेतली गेली, अंदाजपत्रक कोलमडले, वीर नरिमन यांनी त्यातील गैरकारभार कौन्सिलात आणि बाहेर चव्हाट्यावर आणला आणि शेवटी योजना अर्ध्यावर आवरती घ्यावी लागली. कर्जाचा बोजा मात्र त्याच सामायिक तिजोरीवर पडला.

तेव्हा मूळ प्रश्नासंबंधी माझे म्हणणे असे आहे की, अनुदान रोखण्याचा 1926 चा उपाय तर्कशुद्ध असला, तरी अनुदान आधीच तुटपुंजे होते. जी बोर्डे पैशासाठी मुळातच टाहो फोडत होती, त्यांचे अनुदान थांबवले असते तर बंद पडणारी पहिली शाळा बहुधा अस्पृश्यांच्या वस्तीतलीच असती.

दप्तरवाचक

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. आदेशातील हुकूम आणि सल्ला यांतला भेद माझ्या लक्षात आला नव्हता असे नाही, परंतु त्याचा संबंध स्थानिक स्वराज्याच्या सूत्राशी मी जोडला नव्हता. एक उपप्रश्न विचारतो. मार्च 1927 मध्ये आणि पुन्हा डिसेंबरात महाडला प्रश्न शांतता व सुव्यवस्थेचा बनला. ते खाते राखीव, म्हणजे थेट गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे होते. मतदारांची भीती नसलेली ही बाजू होती. तिने तरी कौन्सिलच्या ठरावाच्या बाजूने उभे राहायला काय अडचण होती?

कायद्याची विद्यार्थिनी

या उपप्रश्नाचे उत्तर घटनाक्रम बारकाईने पाहिल्यास मिळते.

मार्चमधील मारहाणीनंतर काही हल्लेखोरांवर खटले होऊन त्यांना शिक्षा झाल्या. मारहाण हा गुन्हा होता आणि त्यासाठी कायदा होता. अस्पृश्यास पाणी घेऊ न देणे हा मात्र गुन्हा नव्हता. पोलिसांना ज्याबद्दल कोणाला पकडता येईल असे कलमच 1923 च्या ठरावाने निर्माण केले नव्हते, त्यामुळे राखीव बाजूपुढे प्रश्न येई तो एवढाच की दंगा होणार की नाही. पाण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नात तिला पडायचे नव्हते. 1858 च्या जाहीरनाम्यापासून धार्मिक आचारात हात न घालण्याचे सरकारचे जे धोरण होते, ते या खात्यांत सर्वांत घट्ट रुजलेले होते.

ऑगस्ट 1927 मध्ये महाड म्युनिसिपालिटीने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. येथे थोडे थांबावेसे वाटते. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक त्याच म्युनिसिपालिटीत होते आणि पहिला ठराव अशाच लोकांच्या पुढाकाराने झाला होता. म्हणजे स्थानिक स्वायत्ततेतून चांगलेही घडू शकत होते, परंतु बहुमत फिरले की घडलेले पुसले जाऊ शकत होते, आणि मुंबईच्या मंत्र्याला ते थांबवता येत नव्हते.

डिसेंबरात सत्याग्रहाची हाक दिल्यावर विरोधकांनी तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा लावून महाडच्या दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषद 25 डिसेंबरला भरली, त्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. कलेक्टर स्वतः परिषदेपर्यंत आले आणि न्यायालयाचा हुकूम मोडू नये असे त्यांनी सांगितले. डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला. ज्या सरकारने सप्टेंबर 1923 मध्ये याच कलेक्टरांच्या हुद्द्यामार्फत तळी खुली करण्याचा सल्ला पाठवला होता, त्याच हुद्द्यावरील अधिकाऱ्याला चार वर्षांनी तळ्याकडे जाऊ नका असे सांगावे लागले. त्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात एका बाजूला विधिमंडळाची शिफारस होती आणि दुसऱ्या बाजूला न्यायालयाचा हुकूम होता, आणि या दोहोंपैकी बंधनकारक काय होते हे उघड आहे.

मनाई हुकूम फेब्रुवारी 1928 मध्ये उठला, दावा मात्र खालच्या न्यायालयांतून चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी अंतिम निकाल दिला. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तळे म्युनिसिपालिटीचे आहे आणि अनादिकालापासून चालत आलेली म्हणून सांगितलेली वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही, हा त्याचा पाया होता. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी तो दिला. बार्डोलीच्या शेतसाऱ्याची चौकशी करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांपैकी एक तेच होते, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. बोले ठरावाच्या आधारे हा निकाल लागला नाही. मालकी आणि वहिवाट यांच्या जुन्या दिवाणी कायद्याने तो लागला, आणि त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, 1 एप्रिल 1937 रोजी, द्विदल पद्धतीच संपुष्टात आली.

विदर्भवासी

चर्चा मुंबईपुरती चालू आहे, म्हणून मध्यप्रांत व वऱ्हाडचा अनुभव थोडक्यात नोंदवतो. आमच्याकडे 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला कौन्सिलात बहुमत मिळाले. डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली या पक्षाने सरकारच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला 2 रुपये इतका खाली आणला. मंत्री गेले, सोपीव खाती गव्हर्नरने स्वतःकडे घेतली. द्विदल पद्धती आतून बंद पाडता येते हे नागपूरने सिद्ध केले, परंतु बंद पडल्यानंतर शाळा आणि दवाखाने पुन्हा नोकरशाहीच्याच हाती गेले, ही त्याची दुसरी बाजू आहे. 1925 मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली तेव्हा पक्षात जे वादळ उठले, त्यातून केळकर, जयकर आणि मुंजे यांचा प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे मंत्रिपदे स्वीकारून आतून काम करण्याचा, मार्ग पुढे आला. हा वाद केवळ सत्तेच्या मोहाचा नव्हता. मिळालेला अधिकार अपुरा असला तरी वापरावा की नाही, या प्रश्नावर प्रामाणिक मतभेद होते. रँग्लर परांजपे यांनी स्वतः मंत्रिपद भूषवल्यानंतर सुधारणांच्या कामकाजाची चौकशी करणाऱ्या 1924 च्या मुडिमन समितीत सप्रू आणि जिना यांच्यासह अल्पमताचा अहवाल दिला आणि डागडुजीने ही पद्धती सुधारणार नाही असे मत नोंदवले, त्याला या संदर्भात विशेष वजन आहे.

जुनी सनद

प्रश्नाचा एक भाग अनुत्तरित राहिला आहे. पूर्ण जबाबदार सरकार असते तर चित्र बदलले असते का? याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही, कारण 1937 नंतर तशी परिस्थिती प्रत्यक्षात आली.

सायमन कमिशनला साह्य करणाऱ्या मुंबईच्या प्रांतिक समितीवर डॉ. आंबेडकर होते आणि मे 1929 मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. प्रांतात पूर्ण जबाबदारीचे सरकार असावे, राखीव खाती राहू नयेत, असे त्यांनी मांडले, परंतु त्याच्या जोडीला प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांसाठी राखीव जागा यांची मागणी केली. त्यांच्या मते या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नव्हत्या. 1935 च्या कायद्याने पहिली गोष्ट बरीचशी दिली, दुसरी अर्धवट दिली. पुणे करारानुसार सिंध धरून मुंबई प्रांताच्या वाट्याला 15 राखीव जागा आल्या, मताधिकार मात्र मालमत्ता आणि शिक्षण यांच्याशीच बांधलेला राहिला.

बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ जुलै 1937 मध्ये आले तेव्हा पोलीस, महसूल आणि अर्थ ही सर्व खाती मंत्र्यांकडे होती. या मंत्रिमंडळाने 1938 मध्ये हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला, परंतु तो विश्वस्तांना मंदिर खुले करण्याची मुभा देणारा होता, सक्ती करणारा नव्हता. सल्ला देण्याची 1923 ची वृत्ती पूर्ण सत्ता हाती आल्यावरही लगेच सुटली नाही. दुसरीकडे, प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यात याच मंत्रिमंडळाने 1938 मध्ये दुरुस्ती करून स्थानिक मंडळांवरील सरकारचे नियंत्रण वाढवले. म्हणजे स्थानिक स्वायत्ततेला मुरड घालण्याची हिंमत शाळांच्या कारभारात दाखवता आली आणि देवळाच्या दारात दाखवता आली नाही. 1939 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 1935 च्या कायद्यातील कलम 93 खाली गव्हर्नरची राजवट सुरू झाली.

सार्वजनिक पाणवठ्यावर अडवणूक करणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवणारा कायदा मुंबई प्रांतात 1946 मध्ये पुन्हा अधिकारावर आलेल्या खेर मंत्रिमंडळाच्या काळात झाला. 1923 च्या आदेशातील दुसऱ्या भागाची भाषा सल्ल्याऐवजी हुकुमाची झाली ती तेव्हा, आणि तोवर महाडच्या त्या पहिल्या ठरावाला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.